श्रुतलेखन : ऐकिले तसे लिहिणे

संत पौलाने रोमकरांस पाठविलेले पत्र स्वहस्ते लिहिले नाही. तो सांगत गेला व तर्तियस नावाच्या लेखकाने ते लिहून घेतले; सोळाव्या अध्यायात त्याने आपले नाव घालून मंडळीस नमस्कारही कळविला आहे. दुसऱ्याचे बोल जसेच्या तसे कागदावर उतरविणे ही जबाबदारी केवढी, हे आमच्या इंदापूर-बारामतीकडील लोकांस मात्र फार कडू रीतीने कळले.

पूर्वी या मुलुखात लिहिणे म्हणजे मोडी, व ते कुलकर्णी आणि सावकार यांच्या हाती. कुणब्याने तोंडाने सांगावे, दुसऱ्याने लिहावे, आणि खाली कुणब्याने नांगराची निशाणी करावी. सांगितले एक व कागदावर दुसरेच, अशी तक्रार राहून राहून होई. अखेर १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे, म्हणजे हल्लीच्या बारामती तालुक्यात, शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व खते जाळली, आणि ते लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्यांची खते गावच्या रजिस्ट्रारासमोर लिहिली जावी असे ठरले. कायदा चांगलाच होता; परंतु लेखणी अजून दुसऱ्याचीच होती.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळीत नसत. ‘दिन’ म्हणजे दिवस व ‘दीन’ म्हणजे गरीब, हे वाचणाऱ्याने संदर्भाने ओळखावे. शाळेची पुस्तके बाळबोधीत छापली जाऊ लागल्यावर ही मोकळीक संपली. मेजर कँडी यांनी १८५० साली विरामचिन्हांवर पुस्तक काढिले. तेव्हा कोठे थांबावे हेही मुलास शिकावे लागले. पुढे १९६२ व १९७२ साली लेखनाचे नियम ठरून न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, म्हणून आजच्या मुलांचे ओझे थोडे हलके आहे. तथापि इकार ऱ्हस्व की दीर्घ, हे नुसत्या कानाने कळत नाही. शब्द आधी डोळ्यांखालून गेलेला असावा लागतो. यास्तव उतारा अगोदर वाचून न घेता एकदम लिहावयास सांगणारा मास्तर मुलाची परीक्षा घेतो, त्यास शिकवीत नाही.

अहमदनगरकडे जेज्वीट मिशनचे काम १८७८ साली सुरू झाले व १९०३ साली ‘निरोप्या’ मासिक निघाले. ज्यांच्या वाडवडिलांस पाटीला हात लावू दिला नव्हता, अशा घरांत त्यामुळे छापील मराठी पोहोचली. श्रुतलेखनाला याहून चांगले उतारे शोधावयास नकोत.

आणि ज्या मातेस स्वतः लिहिता येत नाही, तिनेही मागे राहू नये. लासुर्ण्यासारख्या गावी संध्याकाळची प्रार्थना आटोपल्यावर तिने मामास पाठवावयाचे पत्र तोंडाने सांगावे. एक वाक्य पुरे म्हणावे, मग त्याचे तुकडे करून, घाई न करिता. मुलाने लिहून झाल्यावर ते मोठ्याने वाचून दाखवावे. माता म्हणेल, “असे मी म्हटले नव्हते,” आणि मूल ती ओळ खोडून पुन्हा लिहील.