गणिताचे विद्यार्थी: वर्गवारी मुलांची की अडचणींची?

गणित शिकवणारे ॲप तयार करायचे तर विद्यार्थ्यांचे प्रकार पाडावेच लागतात. हुशार, मध्यम आणि कच्चा ही आपली रूढ वर्गवारी गुणांवरून ठरते. मात्र एखादा मुलगा ‘कच्चा’ आहे असे कळले, तरी त्याला उद्या काय शिकवायचे हे त्यातून कळत नाही. शिकवण्यासाठी उपयोगी वर्गवारी अडचणींची असते. एकच मुलगी अपूर्णांकात अडते आणि भूमितीत वर्गाच्या पुढे असते. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा या दृष्टीने तपासण्याजोगा आहे, कारण अडचणींची विविधता इथे एकेका वर्गखोलीत सापडते.

१. खंड पडलेले

रोवणीच्या दिवसांत शाळा बुडाली आणि नेमका तेव्हाच भागाकार शिकवून झाला, तर पुढचे गुणोत्तर अधांतरी राहते. अशा मुलाला आकलनाचा दोष नसतो, मधली पायरी निसटलेली असते. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड त्याला चालू धड्याच्या चित्रफितीपाशी नेतो. दोन इयत्ता मागे राहिलेली पायरी त्याला सापडत नाही. मुरलीधरन, सिंग आणि गानिमियन यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या दिल्लीतील अभ्यासात मुलाच्या प्रत्यक्ष पातळीपासून सुरुवात करणाऱ्या संगणकीय अध्यापनाचा गणितात ठळक फायदा दिसला. म्हणून आरंभबिंदू इयत्तेवरून न ठरवता चाचणीवरून ठरवावा.

२. रीत चुकीची बसलेले

५२ − २७ चे उत्तर दोन मुलांनी ३५ लिहिले. पहिल्याने एककातल्या २ मधून ७ जात नाहीत म्हणून ७ मधून २ वजा केले. दुसऱ्याने दशक सुटा करून १२ मधून ७ बरोबर वजा केले, पण दशकातले ५ चे ४ करायला तो विसरला. उत्तर सारखे असले तरी अडचणी वेगळ्या आहेत. पहिल्याला स्थानिक किंमत पुन्हा समजावावी लागेल, दुसऱ्याला एकच पायरी पक्की करून द्यावी लागेल. आता ५३ − २७ द्या: पहिला ३४ लिहील, दुसरा ३६. चांगला निदानात्मक प्रश्न तो, ज्यात दोन वेगळ्या चुका दोन वेगळी उत्तरे देतात. ब्राउन आणि बर्टन यांनी १९७८ साली वजाबाकीतल्या अशा पद्धतशीर चुकांची संगणकीय मांडणी केली होती. तरीही आजची अनेक ॲप्स लाल फुलीवर थांबतात.

३. व्यवहारात पक्के, वहीत अडलेले

४० किलोचे एक, अशी धानाची १२ पोती म्हणजे चार क्विंटल ऐंशी किलो, हे शेतकऱ्याची मुलगी तोंडी सांगते. तेच ४.८ असे लिहून २०२५-२६ च्या क्विंटलमागे २३६९ रुपये या हमीभावाने गुणायला सांगितले की ती थांबते. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत विक्री करणाऱ्या मुलांबाबत बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २०२५ साली ‘नेचर’मध्ये हेच नोंदवले: बाजारातला हिशेब वहीत उतरत नाही, आणि शाळेत पटाईत असलेली मुले बाजारात गडबडतात. म्हणून नुसती धान-पोत्यांची चित्रे घालून भागत नाही. तोंडी रीत आणि लेखी रीत पडद्यावर शेजारी मांडून, एकीतली कोणती पायरी दुसरीत कुठे येते हे दाखवावे लागते.

४. भाषेत अडलेले

मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला लागून असलेल्या या जिल्ह्यात घरची बोली पोवारी, गोंडी, छत्तीसगढी किंवा हिंदी असू शकते. त्यात मराठी संख्यानामे एकक आधी सांगतात. ‘पंचवीस’ ऐकून मूल ५२ लिहिते. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असा पर्याय दिला तेव्हा वाद पेटला, गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकरांनी त्या पर्यायाची बाजू मांडली. निदानाचा मार्ग सोपा आहे: एकच प्रश्न एकदा ऐकवावा, एकदा अंकांत दाखवावा. ऐकून चुकले आणि पाहून जमले, तर उपाय गणिताच्या नव्हे, संख्यावाचनाच्या सरावात आहे.

५. घड्याळाला बिचकणारे

काही मुले संथ असतात, काही वेळ मोजला जातोय हे पाहूनच गोंधळतात. दोघांनाही समोर धावणारे सेकंद मारक ठरतात. वेग नोंदवायचा असेल तर तो मुलाला न दाखवता नोंदवावा.

रचनेची पथ्ये

घरात एकच फोन असेल तर सकाळी ताई आणि रात्री धाकटा, दोघांची उत्तरे एकाच खात्यात जमा होतात. ॲपला मग एकच विलक्षण विद्यार्थी दिसतो, जो भागाकारात पारंगत आहे आणि बेरजेत चुकतो. त्यामुळे ‘आत्ता कोण सोडवतंय?’ हा प्रश्न पहिल्या पडद्यावर हवा. जिल्ह्यातल्या देवरी-सालेकशाच्या जंगलपट्टीत नेटवर्कचा भरवसा नसल्याने निदान फोनमध्येच व्हायला हवे.

शिक्षकाला टक्केवारीचे आलेख कमी आणि ‘आज या चौघांची दशक सुटा करण्यात एकच चूक होते आहे’ असे वाक्य जास्त उपयोगी पडते. आणि प्रत्येक निदानाला मुदत असावी. ठरावीक सरावानंतर फेरतपासणीत मूल त्याच गटात राहिले, तर संशय आधी आपल्या धड्यावर आणि प्रश्नावर घ्यावा, मुलावर नंतर.