बोहारीण, बाटली आणि कांजूरचं डम्पिंग

विक्रोळी पूर्वेच्या कन्नमवार नगरात खाडीकडून वारा सुटला की लोक खिडक्या लावून घेतात. शेजारीच, खाडीकाठी, कांजूरचं डम्पिंग ग्राउंड आहे. २०१८मध्ये मुलुंडचं डम्पिंग बंद झालं आणि आता मुंबईच्या रोजच्या कचऱ्यातला बहुतांश इथेच येऊन पडतो. वासाच्या तक्रारी जुन्या आहेत आणि रास्तही आहेत. पण या वसाहतींचा इतिहास पाहिला, तर एकेकाळी इथल्या घरांतून डम्पिंगला पाठवण्यासारखं फारसं काही निघतच नसे.

टागोर नगर आणि कन्नमवार नगर या हाउसिंग बोर्डाच्या वसाहती. दुसरीला नाव मिळालं ते मारोतराव कन्नमवारांचं. मुख्यमंत्रिपदावर असतानाच १९६३मध्ये ते गेले. त्या काळच्या छोट्या खोल्यांतल्या संसाराचा हिशेब मांडून बघा. दूध आरेचं, काचेच्या बाटलीत. केंद्रावर रिकामी बाटली दिली की भरलेली मिळायची, आणि झाकणाचा चंदेरी पत्राही घरात साठवला जायचा. वाण्याकडची डाळ रद्दीच्या पुडीत, तेल आपल्या बरणीत. रद्दी किलोवर विकली जायची. पितळेची भांडी टाकायची नसत, कल्हईवाल्याकडे जायची. लुगडं विटलं की त्याची गोधडी, गोधडी विरली की पायपुसणं. उरायची ती भाजीची देठं, राख आणि केर.

आणि बोहारीण. डोक्यावर पाटी, पाटीत स्टीलची चकचकीत भांडी, आणि दुपारची झोपमोड करणारी ती हाक. गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजातल्या बायकांनी हा धंदा पिढ्यानपिढ्या केला. दोन पँटी, एक साडी आणि वर एखादा शर्ट यांच्या बदल्यात एक पातेलं. मग साडी फाटलेली आहे की नुसती विटलेली, यावर अर्धा तास घासाघीस. गोळा केलेले कपडे धुऊन, रफू करून, बटणं लावून पुन्हा बाजारात जायचे आणि ज्याला नवा कपडा परवडत नाही तो ते घ्यायचा. अगदीच गेलेल्यांच्या चिंध्या कारखान्यांत मशीन पुसायला. ‘पुनर्वापर’ हा शब्द यातल्या कुणी उच्चारला नसेल.

याचे गोडवे गाताना जरा जपून. ही व्यवस्था चालली ती वस्तू महाग आणि माणसाचे श्रम स्वस्त होते म्हणून. बोहारणीला आपण सहसा उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, हेही त्याच हिशेबात धरायला हवं.

महापालिकेचं धोरण मात्र फार आधीपासून एकच होतं: उचला आणि लांब नेऊन टाका. १८९६च्या प्लेगनंतर शहराचा कचरा रेल्वेने चेंबूरच्या दलदलीकडे जाऊ लागला, १९२७पासून देवनारला. पुढे दुधाची पिशवी आली, मग कॅरीबॅग, मग सॅशे. बाटली परत जात होती, पिशवी जाईना. २०१८च्या प्लॅस्टिकबंदीत सरकारने दुधाच्या पिशवीवर परतीची किंमत, किमान ५० पैसे, छापायला सांगितलं. आरेच्या केंद्रावर जे आपोआप होत होतं, त्याला आता अधिसूचना लागली.

लोकांनी एकत्र येऊन कचरा कमी करण्याचा मुंबईतला गाजलेला प्रयोग विक्रोळीच्या शेजारचा. घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमध्ये १९९६-९७च्या सुमाराला रहिवाशांनी ओला-सुका वेगळा करून गल्लीतच खत करायला सुरुवात केली. त्यातून महापालिकेची ‘एएलएम’ ही कल्पना शहरभर गेली. तिला लागायचं अंगण, सोसायटी आणि सकाळी वेळ असलेले निवृत्त लोक. विक्रोळी पार्कसाइटच्या डोंगरावरच्या वस्तीत यातलं काय होतं? झोपडपट्ट्यांसाठी २००१पासून वेगळी ‘दत्तक वस्ती योजना’ आली. तिच्यात स्थानिक संस्थांनी माणसं नेमून सफाई करायची, घरटी थोडी वर्गणी घ्यायची. म्हणजे इमारतीला खत आणि वस्तीला झाडू, अशी विभागणी झाली. एएलएममध्येही अनेक ठिकाणी दोन-चार उत्साही माणसं थकली किंवा घर सोडून गेली, की खड्डे बुजले.

माझ्या मते, टिकलं ते तिथे, जिथे कचऱ्यावर कुणाचं तरी पोट होतं आणि ते मान्य केलं गेलं. १९७५मध्ये स्थापन झालेली स्त्री मुक्ती संघटना तोवर ‘मुलगी झाली हो’ या नाटकामुळे घराघरांत माहीत होती. ते लिहिणाऱ्या ज्योती म्हापसेकर यांच्या पुढाकाराने संघटनेने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कचरावेचक बायकांचं काम हाती घेतलं. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेली दलित कुटुंबं यांत पुष्कळ. त्यांचे बचतगट झाले, ओळखपत्रं मिळाली, ‘परिसर भगिनी’ हे नाव मिळालं. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘निसर्गऋण’ तंत्राचे बायोगॅस प्रकल्प चालवायलाही त्या शिकल्या. कागद, पुठ्ठा, पत्रा, दुधाची पिशवी यांचे भाव त्यांना तोंडपाठ. सोसायटीच्या सभेत ‘जागृती’वर भाषण करणाऱ्याला ते माहीत नसतात.

२०१६च्या केंद्राच्या नियमांनंतर रोज १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, असा आग्रह महापालिकेने २०१७पासून धरला. काहींनी यंत्रं आणली, काहींनी मुदतवाढ मागितली. कांजूरचं प्रकरण तोवर कोर्टात होतंच. मे २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिथली सुमारे १२० हेक्टर जमीन संरक्षित वनाची ठरवली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. गाड्या येतच आहेत.

कन्नमवार नगरात आता जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहताहेत. टॉवरला पार्किंग असतं, सुरक्षारक्षक असतो, गेटवर नोंदवही असते. पाटी घेऊन आलेल्या बाईला त्या वहीत ‘कुणाकडे जायचंय’ या रकान्यात लिहायला काही नसतं.