शिंदे, सिंदिया आणि मी केल

परवाचीच गोष्ट. रात्री साडेनऊचा क्लायंट कॉल होता. मी घरूनच, बाहेरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलेलो. पलीकडे नवीन मॅनेजर आलेला, म्हणून सगळ्यांची ओळखपरेड सुरू होती. माझा नंबर आला तसा मी सवयीने बोलून गेलो, "केल हिअर." कॉल संपला आणि स्वयंपाकघरातून आई बाहेर आली.

"अरे, हा केल कोण?"

"मीच की. काळेचं ते केल करतात. के-ए-एल-ई. तिकडे त्या नावाची पालेभाजी असते."

"ते करू देत. तू कशाला करतोस?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मॉनिटरकडे बघून "नेटवर्क गेलं वाटतं" असं काहीतरी पुटपुटलो. पण प्रश्न डोक्यात राहिला, आणि शनिवारची अख्खी सकाळ त्यातच गेली.

आधी तांत्रिक बाजू बघू. (इंजिनिअर आहे, इलाज नाही.) रोमन लिपीत अक्षरं २६. त्यात 'ळ'ला जागाच नाही, आणि 'अ' आणि 'आ' या दोघांचं काम एकाच 'ए'वर भागवायचं. म्हणजे काळे, काले, कळे, कले... सगळे त्याच चार अक्षरांत जाऊन बसतात. हे झालं एनकोडिंग. आता समोरचा डीकोड करताना स्वतःचं टेबल वापरतो. त्याच्या टेबलात शेवटचा 'ई' मुका, आणि त्यामुळे आधीचा 'ए' लांबतो. झालं, काळेचा केल! बिचाऱ्याची चूक काहीच नाही. बाइट्स तेच, कॅरॅक्टर सेट वेगळा. फॉन्ट नसलेल्या मशीनवर मराठी साइट उघडली की चौकोन दिसायचे ना, तसंच.

पण सगळा दोष लिपीवर टाकून मोकळं होता येत नाही. याचं सगळ्यात भारी उदाहरण आपल्याच घरातलं आहे.

सातारा जिल्ह्यातलं कण्हेरखेड हे शिंद्यांचं गाव. तिथले राणोजी शिंदे पहिल्या बाजीरावांच्या काळात माळव्यात गेले आणि मोठे सरदार झाले. त्यांचे चिरंजीव महादजी. १७८२च्या सालबाईच्या तहात इंग्रज आणि पेशवे यांच्यामध्ये मध्यस्थ आणि जामीन म्हणून उभे राहिले ते हेच. १७८४ नंतर दिल्लीच्या बादशहाचा कारभारही त्यांच्या हातात आला. म्हणजे इंग्रजांना ज्याचं नाव रोज घ्यावं लागत होतं असा माणूस. आणि तरीही इंग्रजी कागदांत शिंदे कधी धड शिंदे राहिले नाहीत. कुठे सिंदिया, कुठे सिंधिया, आणि शेवटी पक्कं झालं ते एस-सी वालं 'सिंदिया'. गंमत म्हणजे तेव्हा सिंध प्रांताचं स्पेलिंगही असंच एस-सीने सुरू व्हायचं. १८५२ साली निघालेल्या तिथल्या प्रसिद्ध डाक तिकिटांना आजही त्याच स्पेलिंगने ओळखतात. नुसतं इंग्रजी वाचणाऱ्याला वाटावं, हे घराणं सिंधमधून आलंय की काय! बडोद्याच्या गायकवाडांचंही तेच. इंग्रजी कागदांत त्यांचं 'गायकवार' झालं, आणि एका जुन्या स्पेलिंगमध्ये तर 'ग्विकोवार'.

महादजी असेपर्यंत स्पेलिंग काहीही असलं तरी फरक पडत नव्हता, कारण खरं नाव मोडीत, दप्तरात होतं. पण १७९४ साली महादजी गेले. १८०३ साली दौलतराव शिंदे असईची लढाई हरले आणि त्याच वर्षाच्या शेवटी सुर्जी-अंजनगावचा तह झाला. १८१८ साली पेशवाईच संपली. त्यानंतर तह, नकाशे, गॅझेट सगळं इंग्रजांच्या टेबलावरून निघायला लागलं. दप्तर ज्याच्या हातात, स्पेलिंग त्याचं.

पुढे १८७०च्या दशकात सरकारला या सावळ्या गोंधळाची लाज वाटली. विल्यम हंटर या अधिकाऱ्याने भारतीय नावं रोमनमध्ये लिहायची एक शिस्तशीर पद्धत तयार केली. चांगली होती. पण ज्या नावांची स्पेलिंग्ज आधीच रुळली होती, ती तशीच ठेवायची असं ठरलं. आमच्या भाषेत याला लेगसी कोड म्हणतात. चुकीचा आहे हे सगळ्यांना माहीत, पण हात लावायची कुणाची हिंमत नाही. बॉम्बे, कलकत्ता, पूना सगळे त्यातच राहून गेले. बॉम्बेचं मुंबई व्हायला १९९५ उजाडलं.

आणि या गोष्टीचा शेवट तर अजून भारी आहे. १९१९ साली सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींनी ब्रिटिश जहाज कंपन्यांना टक्कर द्यायला स्वदेशी कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या महाराजांचं 'लॉयल्टी' नावाचं जहाज विकत घेतलं, आणि ५ एप्रिल १९१९ला ते मुंबईहून लंडनला निघालं. आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो तो याचसाठी. कंपनीचं नाव काय? 'सिंदिया स्टीम नेव्हिगेशन'. इंग्रजांना टक्कर द्यायला निघालेल्या कंपनीवर पाटी मात्र इंग्रजांनी रुळवलेल्या स्पेलिंगची! कण्हेरखेडच्या शिंद्यांचा ब्रँड झाला, पण शिंदे म्हणून नाही.

आता ब्रँडच निघाला आहे तर कंपन्यांचं बघा. ब्रँड म्हणजे बहुतेक वेळा कुणाचंतरी आडनावच असतं. टोयोटा हे मुळात 'टोयोडा' घराणं. १९३६ साली त्यांनी लोगोसाठी स्पर्धा घेतली, सुमारे २७ हजार प्रवेशिका आल्या, आणि 'डा'चं 'टा' झालं. जपानी लिपीत टोयोटा आठ रेघांत लिहून होतं, आणि आठ हा शुभ आकडा. घरातली माणसं मात्र अजून टोयोडाच. इशिबाशी नावाच्या दुसऱ्या एका जपानी गृहस्थांनी तर आडनावाचं सरळ भाषांतरच केलं. इशी म्हणजे दगड, बाशी म्हणजे पूल. ते उलटं फिरवून १९३१ साली 'ब्रिजस्टोन'. टायर बघताना कुणाच्या मनात येईल का?

पण ही झाली स्वतःहून केलेली तडजोड. नाव कुठे आणि किती बदलायचं हे त्यांचं त्यांनी ठरवलं. आणि कंपनीला वाटलं की लोकांनी बरोबर म्हणावं, तर तिच्याकडे त्यासाठी पैसा असतो. २०२३ साली ह्युंदाईने ब्रिटनमध्ये चक्क जाहिरातींची मोहीम काढली, की बाबांनो, आमचं नाव असं म्हणा. महादजींच्या वंशजांना हे जमलं नसतं, आणि मला तर नाहीच नाही.

इथपर्यंत लिहून मी स्वतःवर जाम खूश होतो. बिचारे आपण, वगैरे. मग आठवलं की आपण तरी काय करतो? औरंगाबादजवळ (आता छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याला २००१ साली कारखाना सुरू झाला तो 'स्कोडा'चा, निदान आपल्या लेखी. ते एमिल श्कोदा या चेक माणसाचं आडनाव आहे. एसच्या डोक्यावर छोटी टोपी असते, म्हणून 'श'. आपण ती टोपी कधी बघितलीच नाही.

बरं, ती कंपनी आहे, तिला वाईट वाटत नाही. पण आमच्या टीममध्ये एक तमिळ मित्र आहे. त्याच्या नावात झेड-एच येतं, आणि गेली दोन वर्षं आम्ही सगळे तिथे ठणठणीत 'झ' म्हणतोय. तो 'झ' नाहीच. 'ळ'च्या जवळचा, जीभ अजून थोडी मागे वळवून काढायचा तो उच्चार आहे. कोझिकोडमधला 'झि' तसाच, खरं तर 'कोऴिक्कोड'. युनिकोडच्या तक्त्यात आपला 'ळ' ०९३३ वर बसतो. त्याच्या अगदी शेजारच्या घरात, ०९३४ वर, 'ऴ' आहे. देवनागरीत खास याच उच्चारासाठी दिलेलं अक्षर. माझ्या हरवलेल्या अक्षराचा सख्खा शेजारी, आणि मी दोन वर्षांत त्याला ओळख दाखवली नाही.

काल त्याला फोन करून विचारलं, तुझं नाव नक्की कसं म्हणायचं? आधी हसला. मग म्हणाला, "इथे येऊन तीन वर्षं झाली, पहिल्यांदा कुणीतरी विचारतंय." पाचव्या प्रयत्नात मला पास केलं. काठावर.

सोमवारी पुन्हा कॉल आहे. 'ळ' त्या मॅनेजरच्या जिभेवर बसणार नाही, हे मला माहीत आहे. 'काले' म्हणाला तरी चालेल, तेवढा प्रयत्न पुरे. पण निदान माझ्या तोंडून तरी काळेच यायला हवं.

आई आतल्या खोलीत असेलच.