मराठी स्वाराचें सामान

गेल्या मार्गशीर्षांत कामरगांवास जात असतां वाटेंतील चहाच्या एका दुकानापुढें चार मोटारसायकली उभ्या दिसल्या. स्वार नागपूरहून निघालेले असून एका दमांत पुणें गांठण्याचा त्यांचा बेत होता. समृद्धी महामार्गावर दुचाकीस मज्जाव असल्यामुळें ही मंडळी जुन्या रस्त्यांनीं चालली होती. एकानें आपल्या बैठकीवर मेंढीचें लोंकरी कातडें पसरून तें दोरीनें आवळून बांधलें होतें. मीं त्याकडे पाहतों आहें हें लक्षांत येतांच तो हंसून म्हणाला, "सर, दोनशें किलोमीटर झाले कीं इंजिनाची काळजी राहत नाहीं, बुडाचीच राहते." त्याचें म्हणणें खोटें नव्हे. चोवीस तासांत एक हजार मैल, म्हणजे सुमारें १,६१० किलोमीटर, दौडण्याचा जो प्रकार अमेरिकेंत रूढ आहे, त्याला तेथील हौशी मंडळींनीं 'सॅडल-सोर', म्हणजे खोगिरानें पडलेली जखम, असेंच नांव दिलें आहे. घोडा गेला, पण खोगीर आणि जखम हीं दोन्हीं मागें राहिलीं.

आमच्या इतिहासग्रंथांत लढाईची तिथि सांपडते, सरदाराचें कुलवृत्त सांपडतें. पण स्वार कशावर बसत होता, रात्रीं अंगावर काय घेत होता आणि त्याच्या घोड्याची पाठ शाबूत कशी राहत होती, हें विचारूं गेल्यास पुष्कळ पानें उलटावीं लागतात. वास्तविक मराठी फौजेच्या ज्या वेगाचें आम्ही इतकें कौतुक करतों, त्याचें मर्म याच क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींत आहे.

या प्रश्नाचा आमच्या भागाशीं निकटचा संबंध आहे. कामरगांव ज्या तालुक्यांत मोडतें त्या कारंजावर इ. स. १६७० च्या डिसेंबरांत शिवाजीमहाराजांच्या फौजेची धाड आली. ऑक्टोबरांत सुरतेची दुसरी लूट झाली, परततांना दिंडोरीजवळ मोंगलांशीं लढाई झाली, आणि दोन महिने होतात न होतात तोंच खानदेशांतून वऱ्हाडांत शिरून मराठे कारंजाच्या पेठेंत उतरले. उंची कापड, सोनें व चांदी मिळून कोट रुपयांचा ऐवज चार हजार बैलांवर व गाढवांवर लादून नेला, अशी त्या वेळची वार्ता आहे. धनिक सावकार खंडणीसाठीं धरले गेले. त्यांतील सर्वांत बडा सावकार तेवढा बायकी वेष घेऊन निसटला. स्त्रियांस हात लावावयाचा नाहीं ही फौजेची शिस्त त्याला चांगलीच ठाऊक असावी! पुढें जानेवारींत साल्हेरचा किल्लाहि महाराजांनीं घेतला. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. विजेचा वेग होता तो येतांना. जातांना चार हजार जनावरांच्या पाठीवर ओझें होतें, आणि लादलेला बैल कोणाच्याहि पराक्रमासाठीं धांवत नाहीं.

येतांना स्वाराजवळ काय असे? प्रथम खोगीर. हें कापडाचे थर शिवून, आंत भरती घालून केलेलें असे, आणि त्याच्या खालीं घोड्याच्या पाठीवर घोंगडी. आज 'खोगीरभरती' हा शब्द आम्ही निरुपयोगी मजकुरास किंवा निरुद्योगी माणसांस लावतों. महाविद्यालयांतील कित्येक समित्यांच्या संदर्भांत मीं स्वतः तो वापरलेला आहे. परंतु स्वाराच्या दृष्टीनें ती भरती म्हणजे जीव कीं प्राण. तिची एक गांठ झाली, एक चिंधी गोळा होऊन बसली, कीं दहा कोसांत घोड्याची पाठ सोलून निघे. आणि पाठ सोललेला घोडा पुढें कित्येक दिवस कामाचा राहत नसे. तेव्हां खोगिराचा मऊपणा हा स्वाराच्या सुखासाठीं नसून आधीं घोड्याच्या पाठीसाठीं होता. स्वाराची मांड मांड्यांच्या जोरावर पक्की असे. तंग आणि रिकीब त्याच्या मदतीला.

ही काळजी एकट्या स्वारावर सोडलेली नव्हती. सभासदाच्या बखरींत पागेची जी व्यवस्था दिली आहे, तींत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद. पाणी आणि नाल! आजच्या भाषेंत बोलावयाचें तर पेट्रोल आणि टायर. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. शिलेदाराचा घोडा पडला कीं त्याची रोजीच बुडे, म्हणून ऐन लढाईंतहि तो घोड्याला जपे.

दुसरी वस्तु तोबरा. या पिशवीविषयीं ग्रँट डफनें १८२६ च्या आपल्या इतिहासांत एक कथा नमूद केली आहे. बाजीराव प्रथम दृष्टीस पडेल तसाच त्याला रेखाटून आणावा म्हणून निजामानें एक चित्रकार धाडला. त्यानें चित्र आणलें तें असें: बाजीराव घोड्यावर स्वार आहे, अगाडी-पिछाडीचे दोर तोबऱ्यांत कोंबलेले आहेत, भाला खांद्यावर टाकला आहे, आणि ज्वारीचीं कणसें दोन्ही हातांनीं चोळून दाणे खात तो चालला आहे. कथा खरी असो वा नसो, चित्रकारानें सामानाची यादी मात्र बिनचूक दिली आहे. घोडा बांधावयाचे दोर आणि त्याच्या चंदीची पिशवी. तळ द्यावयास याहून अधिक काय लागतें? याच्या शेजारीं बर्नियरनें वर्णिलेली औरंगजेबाची काश्मीरची स्वारी ठेवावी. १६६४ च्या डिसेंबरांत बादशहा दिल्लीहून निघाला, तेव्हां तंबूंचे दोन संच होते. एकांत मुक्काम, तर दुसरा पुढें जाऊन उभा राहावयाचा, आणि तो वाहून नेण्यास साठांहून अधिक हत्ती व दोनशें उंट. सुखाची एवढी सोय ज्याच्या मागें आहे, त्याला तोबऱ्यांत दोर कोंबून निघालेला माणूस कसा सांपडावा? पुढें आमचेंहि तेंच झालें. १७३७ त मोंगल फौजांना बगल देऊन दिल्लीपुढें जाऊन उभी राहणारी सेना, आणि १७६१ त पानिपतावर तोफखाना, बाजार व कुटुंबकबिल्यासह अडकलेली सेना, यांच्यामध्यें वर्षें चोवीसच आहेत.

येथवर लिहून मीं हा लेख संपविला असता. परंतु त्या चित्रांतील कणसें मला स्वस्थ बसूं देत नाहींत. तीं कोणाच्या शेतांतलीं? स्वाराचें ओझें हलकें होतें, याचें कारण त्याची भाकर वाटेवरच्या शेतांत उभी होती. मार्गशीर्ष म्हणजे वऱ्हाडांत खरिपाची ज्वारी हातीं येण्याचा काळ. कारंजाची धाड नेमकी त्याच सुमारास पडली. दसऱ्याला मुलुखगिरीस निघावयाचें तें रस्ते वाळतात, नद्या उतरतात म्हणून, असें आम्ही शिकवितों. पिकें उभीं असतात हेंहि सांगावयास हवें.

महाराजांस हें उमगलें नव्हतें असें नाहीं. १६७३ त चिपळुणाजवळच्या हलवर्ण येथील फौजेच्या अंमलदारांस त्यांनीं जें पत्र लिहिलें, तें खोगीर, तोबरा आणि शेत या तिहींचा विचार एकत्र करणारें असें मला वाटतें. दाणा व वैरण जपून पुरवा. आतांच उधळलींत तर पावसाळ्यांत घोडीं मरतील. मग लोक कुणब्याच्या घरचे दाणे, भाकरी, गवत, भाजी उचलूं लागतील आणि कुणब्यांस मोंगलांपेक्षांहि तुम्हींच जड व्हाल. पण ही ताकीद स्वराज्यापुरती. वऱ्हाड मोंगलांचें होतें. पुढें १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगाल्यांत उतरल्या, तेव्हां आमच्या 'बारगीर' शब्दाचा तेथें 'बर्गी' झाला, आणि आया मुलांना त्याचें भय दाखवून निजवूं लागल्या.

माझे आजे कामरगांवीं ज्वारीच्या राखणीस माळ्यावर बसत. गोफणीचा दगड पांखरांसाठीं असे. आतां तेथें सोयाबीन आणि तूर आहे. सोयाबीन चोळून खातां येत नाहीं, पण तुरीला त्या दिवशीं हिरव्या शेंगा लगडल्या होत्या. मोटारसायकलवाल्यांपैकीं एकानें निघतांना बांधावरून ओंजळभर तोडून खिशांत भरल्या. धूळ उडवीत ते निघून गेल्यावर मालक रस्त्यावर आला. शेंगा कितीशा होत्या, असें मीं म्हणालों. तो म्हणाला, "चार शेंगांचं काय मोठं जी, पन इचारून तं घ्या."