‘धर्म’ शब्दावरील खटला

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, असें आपल्याकडील वडील मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहे. ह्या म्हणीचा अर्थ सामान्यतः खर्च आणि कालहरण ह्यांपुरताच घेतला जातो. परंतु तिच्या मुळाशीं आणखीही एक भय आहे, आणि तें शब्दांचें भय होय. आपल्या मनांतील हेतु एकदां कायद्याच्या कागदावर उतरला कीं तो आपला राहत नाहीं; घर एकाला द्यावें म्हणून लिहावें आणि तें भलत्याच्याच पदरांत पडावें, अशी ही धास्ती आहे. सुशिक्षित लोक तिला अडाणीपणाचें लक्षण समजतात. इतिहास पाहतां आम्हांस मात्र असें वाटतें कीं, हा अविश्वास निराधार नव्हता. आणि तो एकतर्फीही नव्हता. लोकांचा जसा कायद्याच्या शब्दांवर भरंवसा नव्हता, तसाच कायद्याचाही लोकांच्या शब्दांवर नव्हता. ह्या दुहेरी अविश्वासाचें सर्वांत बोलकें उदाहरण म्हणजे खुद्द ‘धर्म’ ह्या शब्दावर झालेला वाद होय.

मृत्युपत्र ही वस्तु आपल्या समाजांत तुलनेनें नवी आहे. धर्मशास्त्रांत दायविभाग, दत्तविधान आणि दान ह्यांचा पुष्कळ खल झाला आहे; पण मरणोत्तर अमलांत यावयाच्या लेखाचा स्वतंत्र विधि त्यांत सांगितलेला नाहीं. इंग्रजी अमदानींत न्यायालयांच्या निर्णयांनीं तो हळूहळू रूढ झाला. १८७० च्या कायद्यानें बंगाल प्रांतांत व मद्रास आणि मुंबई ह्या शहरांत हिंदूंचें मृत्युपत्र लेखी व साक्षांकित असणें आवश्यक ठरलें, आणि १ जानेवारी १९२७ पासून हा नियम इतर हिंदूंसही लागू झाला. सारांश, मृत्युपत्र करणारा आपला, त्याची भावना आपली, परंतु लेखाचा साचा परका, अशी ही स्थिति होती.

आतां मुंबईच्या श्रीमंत व्यापाऱ्याची वृत्ति पाहा. त्याच्या वहींत धर्मादाय खातें असे, आणि सौद्यामागें कांहीं रक्कम त्या खात्यावर पडे. त्यांतून पाणपोई चाले, सदावर्त चाले, गाईंना चारा मिळे. ‘धर्म’ म्हणजे काय, हें त्याला कोणी विचारीत नसे. कारण विचारणारा आणि सांगणारा दोघेही एकाच अर्थानें तो शब्द वापरीत. अशा वृत्तीच्या एका गृहस्थानें मृत्युपत्रांत शेष मिळकत विश्वस्तांच्या स्वाधीन केली आणि ती त्यांनीं योग्य वाटेल तशी ‘धर्मा’साठीं खर्च करावी असें लिहिलें. तंटा अखेरीस लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८९९ मध्यें निकाल झाला तो असा: हा शब्द इतका व्यापक व अनिश्चित आहे कीं, त्याखालीं होणाऱ्या खर्चावर न्यायालयाला देखरेख ठेवतां येणार नाहीं, म्हणून ही व्यवस्था निरर्थक आहे. शब्दाचा अर्थ ठरवितांना न्यायाधीशांनीं विल्सनच्या कोशाचा आधार घेतला. त्यांत कायदा, सद्‌गुण, नैतिक किंवा कायदेशीर कर्तव्य असे अर्थ दिले होते. कोश खोटा नव्हता. पण व्यापाऱ्याच्या वहींतला ‘धर्म’ त्यांत नव्हता.

ह्या निकालावर नुसता रोष करून भागणार नाहीं. न्यायाधीशांची शंका अशी होती: विश्वस्तांनीं पैसा स्वतःच्या आप्तेष्टांत वांटला आणि हाच आमचा धर्म असें म्हटलें, तर त्यांना कोणत्या मापानें मोजावयाचें? ही शंका कोणाही अनुभवी गृहस्थाला सुचण्यासारखी आहे. सदावर्त, विहीर, गुरांचा हौद असे उद्देश स्पष्ट लिहिले असतां मुंबईच्या न्यायालयानें तीं दानें मान्यही केलीं होतीं. तेव्हां कायद्याचा आक्षेप परोपकारावर नव्हता, मोघम शब्दावर होता. तरीही परिणाम असा झाला कीं, ज्या शब्दांत आपला समाज सर्व सत्कृत्यें सांठवून ठेवतो, तोच शब्द न्यायालयांत अर्थशून्य ठरला.

हा न्याय परक्यांपुरताच होता असेंही नाहीं. त्याचें मूळ इंग्लंडांतच आहे. तेथें एका बाईनें आपली शेष मिळकत डरहॅमच्या बिशपाकडे, त्याला पसंत पडतील अशा औदार्याच्या व परोपकाराच्या कामांसाठीं, ठेविली होती. १८०४ मध्यें, व अपिलांत १८०५ मध्यें, ती व्यवस्था रद्द ठरली. कारण औदार्य कायद्याच्या ‘धर्मादाया’हून मोठें आहे! पुढें डिप्लॉक नांवाच्या गृहस्थानें आपली संपत्ति ‘धर्मादाय किंवा परोपकारी’ उद्देशांसाठीं ठेविली. तो १९३६ त वारला. व्यवस्थापकांनीं दोन लाखांवर पौंड शंभरांहून अधिक संस्थांना वांटूनही टाकले. त्यानंतर आप्तांनीं हरकत घेतली, आणि १९४४ मध्यें हाउस ऑफ लॉर्ड्‌सनें सबंध व्यवस्था रद्द केली. दोष एवढाच कीं, दोन विशेषणांच्या मध्यें ‘किंवा’ होतें. ‘आणि’ असतें तर दान टिकलें असतें. मिळालेला पैसा परत मागण्यासाठीं पुढें त्या संस्थांवरच दावे झाले. एका उभयान्वयी अव्ययानें एवढा अनर्थ केला.

मग सामान्य माणसानें मोघम लिहिलें म्हणून फसला, पण कायदेपंडितानें पंडिताच्याच भाषेंत लिहिलें असतें तर? त्याचें उत्तर कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार टागोरांनीं दिलें आहे. ते स्वतः नामांकित वकील होते. मुलगा ज्ञानेंद्रमोहन १८५१ मध्यें ख्रिस्ती झाल्यामुळें त्याला वारसांतून वगळण्याचा त्यांनीं निश्चय केला, आणि १८६२ च्या मृत्युपत्रांत मिळकत पुतण्या जतींद्रमोहन ह्याला हयातीपर्यंत देऊन पुढें पुरुषवंशांतच पिढ्यान्‌पिढ्या जावी अशी इंग्रजी जमीनदारांच्या पद्धतीची योजना केली. १८६८ मध्यें ते वारले. १८७२ मध्यें प्रिव्ही कौन्सिलनें ठरविलें कीं, असा हक्क हिंदु कायद्याला अपरिचित आहे, आणि दाता वारला त्या वेळीं जो अस्तित्वांतच नाहीं त्याला दान होऊं शकत नाहीं. म्हणून पुतण्याचा हयातीचा हक्क टिकला. पण त्यापुढचा हक्क ज्याला वगळावयाचें होतें त्या मुलाकडेच गेला. मुंबईत आपला शब्द इंग्रजी कायद्याला कळला नाहीं. कलकत्त्यांत इंग्रजी शब्द हिंदु कायद्याला मानवला नाहीं. ह्या निकालानें निर्माण झालेली अडचण १९१६ च्या कायद्यानें बव्हंशीं दूर केली.

‘धर्म’ शब्दाचा न्याय होण्यास मात्र अधिक काळ लागला. मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० ह्याच्या दहाव्या कलमांत स्पष्ट करण्यांत आलें कीं, धर्म, धर्मादा, पुण्यकार्य अशा हेतूंसाठीं केलेली सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था, विशिष्ट उद्देश सांगितला नाहीं केवळ एवढ्याच कारणानें रद्द समजूं नये. त्याच कायद्यानें नोंदणी, हिशेब आणि तपासणी ह्यांची तजवीज करून धर्मादाय आयुक्त नेमला. आमच्या मतें ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या हेंच महत्त्वाचें आहे. पूर्वीच्या न्यायाधीशांची शंका देखरेखीविषयीं होती. देखरेख कशी करावी हें ठरल्यावर शब्दाला नाकारण्याचें कारणच उरलें नाहीं. लोकांच्या शब्दाला कायद्यानें मान दिला, आणि त्या मोबदल्यांत लोकांकडून हिशेब मागितला.

कायद्याच्या भाषेविषयींचा अविश्वास नाहींसा व्हावा असें ज्यांना वाटतें, त्यांनीं ह्या इतिहासाकडे पाहावें. लोकांना अडाणी म्हणून तो जाणार नाहीं, आणि कायद्याला कपटी म्हणूनही जाणार नाहीं. आपली संपत्ति मागें ठेवून जाणारा माणूस न्यायालयांत स्वतः साक्ष देण्यास येऊं शकत नाहीं. त्याच्या वतीनें बोलणारे त्याचे शब्द तेवढे उरतात. म्हणून लिहिणारानें आपल्या मनांतली विहीर, शाळा, सदावर्त नांव घेऊन सांगावें. आणि वाचणारानें, मग तो न्यायाधीश कां असेना, तो शब्द ज्या घरांत वाढला त्या घरचा अर्थ आधीं विचारावा. हें न झाल्यामुळें एका चांगल्या शब्दाला अर्धशतकाहून अधिक काळ न्यायालयाच्या दाराबाहेर तिष्ठत राहावें लागलें.