मज्जारज्जूच्या इजेचे मूल्यमापन आणि एम.आर.आय. : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
पाठीच्या कण्याला झालेली इजा आणि त्यातील मज्जारज्जूला झालेली इजा या दोन भिन्न गोष्टी होत. मणका मोडूनही मज्जारज्जू सुरक्षित राहू शकतो. उलट मणके शाबूत असूनही हातपाय लुळे पडू शकतात. रुग्ण पुन्हा चालू शकेल काय, या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः मज्जारज्जूच्या अवस्थेवर अवलंबून असते. ती अवस्था जाणून घेण्याच्या प्रयत्नांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

क्ष-किरणांची मर्यादा :
इ.स.पूर्व सुमारे १६०० मधील एडविन स्मिथ पपायरस या इजिप्शियन हस्तलिखितात मानेचा मणका निखळून हातापायांची संवेदना गेलेल्या रुग्णाचे वर्णन असून ही व्याधी उपचारापलीकडची मानली आहे. १८९५ मध्ये राँटजेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावल्यावर मोडलेले हाड दिसू लागले. परंतु मज्जारज्जू अदृश्यच राहिला. १९२१-२२ मध्ये सिकार व फोरेस्टिए या फ्रेंच वैद्यांनी आयोडीनयुक्त तेल मणक्यांच्या पोकळीत सोडून चित्रण करण्याची पद्धत रूढ केली. तीतून मज्जारज्जूची बाह्यरेषा कळे, अंतर्भाग नव्हे. १९७१ मध्ये हौन्सफिल्ड यांच्या सी.टी. स्कॅनचा रुग्णावर प्रथम वापर झाला. त्याने अस्थिभंगाचे निदान अचूक झाले, तरी मूळ उणीव पुरती भरून निघाली नाही. १९८२ मध्ये पँग व विल्बर्गर यांनी क्ष-किरणचित्रात कोणताही दोष नसताना मज्जारज्जूला इजा झालेल्या बालकांकडे लक्ष वेधले, तेव्हा ही उणीव ठळकपणे पुढे आली.

एम.आर.आय.चा उदय :
१९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय अनुनादाच्या साहाय्याने प्रतिमा मिळविता येते हे दाखवून दिले. पीटर मॅन्सफिल्ड यांनी हे तंत्र पुढे विकसित केले. या कार्यासाठी दोघांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या तंत्रात शरीरातील पाणी व मेद यांमधील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून संकेत मिळतात. साहजिकच मऊ ऊतींमधील सूक्ष्म भेद स्पष्ट होतात. टी-२ प्रकारच्या प्रतिमेत सूज उजळ, तर ताजा रक्तस्राव काळसर दिसतो.

या भेदाचे महत्त्व १९८७ मध्ये अमेरिकेतील 'रेडिओलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एम. व्ही. कुलकर्णी व सहकाऱ्यांच्या अभ्यासाने अधोरेखित केले. त्यांनी रक्तस्राव, सूज आणि मिश्र असे इजेचे तीन प्रकार मांडले. रक्तस्राव झालेल्यांत सुधारणेची शक्यता कमी, तर केवळ सूज असलेल्यांत ती अधिक, असे दिसून आले. अशा रीतीने प्रतिमा ही निदानाबरोबरच भवितव्याच्या अंदाजाचेही साधन ठरली.

प्रतिमा आणि प्रत्यक्ष तपासणी :
तथापि एम.आर.आय.ने जुनी तपासणी कालबाह्य केली नाही. १९६९ मधील फ्रँकेल श्रेणी व तिच्या आधारे १९९२ मध्ये पुढे आलेली 'एशिया' श्रेणी या दोन्ही स्नायूंची शक्ती व संवेदना यांवर आधारलेल्या आहेत. टाचणीचा स्पर्श रुग्णाला कळतो काय, हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. उलटपक्षी बेशुद्ध रुग्ण किंवा लहान मूल या तपासणीला प्रतिसाद देऊ शकत नाही. तेथे प्रतिमेचा आधार मोलाचा ठरतो. शिवाय इजेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत सूज वाढत असल्याने प्रतिमा केव्हा घेतली, यालाही महत्त्व असते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी शस्त्रक्रियेपूर्वी शक्य असल्यास एम.आर.आय. करावा असे सुचविले. मात्र त्यामागील पुरावा दुर्बल असल्याचेही नमूद केले.

निष्कर्ष :
क्ष-किरणांनी हाड दाखविले, एम.आर.आय.ने मज्जारज्जूचा अंतर्भाग दाखविला. परंतु त्याचे कार्य किती शिल्लक आहे, हे रुग्णाला तपासूनच कळते. म्हणून केवळ प्रतिमेतील काळ्या डागावरून रुग्णाची आशा संपुष्टात आणणे शास्त्रीय ठरत नाही. प्रतिमा आणि प्रत्यक्ष तपासणी या परस्परपूरक आहेत, हाच या इतिहासाचा बोध होय.