पेशवाईतील तपासनीस

फडणीस म्हटले की आपल्याला बारभाईंचे कारस्थान आठवते, मेणवलीचा वाडा आठवतो, उतरत्या वयातले ते राजकारण आठवते. पण फडणीस हा शब्द मुळात एका कामाचा आहे. फारसीत फर्द म्हणजे कागदाचा बंद, यादी. ती लिहिणारा तो फर्दनवीस. मराठी राज्याचा सर्वांत नामांकित कारभारी हुद्द्याने हिशेबनीस होता, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. आज आम्हांला बोलावयाचे आहे ते नानांच्या मुत्सद्देगिरीविषयी नव्हे, तर त्या हुद्द्याविषयी, आणि त्याच्या आजूबाजूला बैठक मारून बसणाऱ्या त्या माणसांविषयी, ज्यांचा धंदाच मुळी दुसऱ्याने लिहिलेले पडताळून पाहण्याचा होता.

ही परंपरा पेशव्यांची नव्हे. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी प्रधानांची कामे ठरवून देणारा कानूजाबता झाला. त्यात राज्याचा जमाखर्च पाहण्याचे काम अमात्याकडे, म्हणजे जुन्या नावाने मुजुमदाराकडे होते. आणि राजपत्रे वाचून त्यांतील कमीअधिक अक्षर नीट करण्याचे काम सचिवाकडे, म्हणजे सुरनिसाकडे. आठांतले दोन प्रधान पडताळणीच्या कामाला! महाराजांच्या पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपला तेथे मोर्तब असे. ‘मर्यादेयं विराजते’ ही त्या मोर्तबावरील अक्षरे. येथे मजकुराची हद्द झाली. याखाली कोणी एखादी ओळ घुसडू नये, एवढ्यासाठी ती लहानशी मुद्रा. शिक्कामोर्तब हा शब्द आपण आता सोयरीक जमली तरी वापरतो; त्याच्या पोटात मात्र असा चांगला पोसलेला संशय आहे.

हा संशय पेशवाईत जिल्ह्याजिल्ह्याच्या कचेरीत जाऊन बसला. वसूल आला की तो प्रथम पोतदाराने पारखावयाचा. नाणी नाना प्रकारची, खोटेही चालावयाचे. म्हणून पोतदार एक नसे, दोन असत. पोतनीस जमा व शिल्लक टिपी. फडणीस पैशाच्या थैलीला चिठ्ठी बांधी, रोजकीर्द लिही आणि हुकमांवर तारीख घाली. दफ्तरदार त्या रोजकीर्दीवरून खतावणी करी व दरमहा गोषवारा हुजुरास पाठवी. कागद फडणिसाकडे जाण्यापूर्वी मुजुमदाराने मान्य केलेला असावा लागे, आणि दिवाणाची सही वेगळीच. एका थैलीमागे इतके हात! आजच्या माणसाला ही निव्वळ दिरंगाई वाटेल. पण यातली खरी खुबी हातांच्या संख्येत नाही. हे सारे दरखदार मामलतदाराच्या कचेरीत बसत, त्याच्या शेजारी बसत, आणि तरीही त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मामलतदाराला नव्हता. ज्याचा हिशेब तपासावयाचा, त्याच्या मर्जीवर तपासणाऱ्याची भाकर अवलंबून नव्हती. शिवाय देशमुख-देशपांड्यांचे स्वतंत्र कागद असतच. त्यांच्याशी मेळ बसल्यावाचून मामलतदाराचा हिशेब हुजुरास मंजूर होत नसे.

पुण्यास हुजूर दफ्तरात दोनशेहून अधिक कारकून बसत. चालते दफ्तर प्रत्यक्ष फडणिसाच्या देखरेखीखाली होते. एकबेरीज दफ्तरात सर्व खात्यांचे हिशेब येऊन त्यांचे वर्गवार तर्जुमे होत. (तर्जुमा म्हणजे आज आपण भाषांतर म्हणतो, त्या कारकुनाच्या लेखी तो जमा, खर्च आणि शिल्लक यांचा वर्षाचा गोषवारा होता.)

मग एवढा बंदोबस्त असून पैसा मुरला कोठे? याचे उत्तर एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात दिले आहे, आणि ते वाचताना हसावे की रडावे कळत नाही. सरकारी वसुलाखेरीज गावांवर एक जादा पट्टी बसे. तीतून जे खर्च भागत, त्यांत दरबारखर्च किंवा अंतस्थ हा मोठा. अंतस्थ म्हणजे मंत्र्यांना आणि हिशेब तपासणाऱ्यांना गुपचूप द्यावयाचा पैसा. हळूहळू ही लाच ठरीव झाली. ठरीव झाली म्हणून ती हिशेबात लिहिली जाऊ लागली, आणि लिहिली गेली म्हणून इतर बाबींप्रमाणे रीतसर तपासली जाऊ लागली! आता ती लाच राहिली नाही, हक्क झाला. पण लाचेची गरज कायमच होती. तेव्हा तिच्यासाठी पुन्हा नवी वसुली. अशा नाजूक बाबीत तपासनीस फार खोल शिरत नसत, म्हणून मामलतदार वरच्यांसाठी जितके गोळा करी त्याहून अधिक स्वतःसाठी ठेवी. हे सारे कुणब्याच्या घरातून येत होते.

याचा सगळा दोष दुसऱ्या बाजीरावाच्या माथी मारण्याची आपल्याला सवय आहे. ती सोयीची आहे, पण पुरती खरी नाही. जी चाल हळूहळू मुरली आणि हक्क बनली, ती एका कारकीर्दीत उपजलेली नसते. तिची मुळे चांगल्या म्हणवल्या गेलेल्या काळापर्यंत जात असली पाहिजेत. बाजीरावाने केले ते वेगळे: मामलती इजाऱ्याने, जास्त बोली बोलणाऱ्यास दिल्या. ज्याने बोलीची रक्कम भरली, त्याच्याविरुद्ध दरखदाराने टिपलेली बाकी ऐकून घेण्यात दरबारला कसले स्वारस्य उरणार? कीर्दी लिहिल्या जातच होत्या.

राज्य गेल्यावर १८१८ नंतर हे दफ्तर कंपनीच्या हाती आले, आणि त्याला एक अनपेक्षित काम लागले. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला इनामांचे हक्क तपासण्याचा अधिकार मिळाला. घरातली सनद दफ्तरातील नोंदीशी ताडून पाहिली जाऊ लागली. या वेळी तपासणारे सरकारचे, इनाम खालसा झाले तर फायदा सरकारचा, आणि निकालावर दाद मागावयाची तीही शेवटी सरकारकडेच. जुन्या कचेरीत दोन पोतदार का असत, हे आपल्या पणजोबांना त्या वर्षांत नव्याने कळले असावे.